एक कॉट, चार अर्ज

आमच्या घाटावरच्या कट्ट्यावर किस्से साठायला फार काही लागत नाही. सकाळी सहाला पाच म्हातारी माणसं प्रवरेच्या काठानं फेरी मारून येतात, दगडी पायरीवर बसतात, गुडघे चोळतात आणि एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करतात. बास, तेवढ्यावर एक किस्सा तयार! आणि या पाच जणांनी मिळून लोकांसाठी काही चांगलं काम करायचं ठरवलं, मग तर विचारूच नका. चांगल्या कामात जेवढे किस्से होतात तेवढे वाईट कामात होत नाहीत. तहसील कचेरीत तीस वर्षं काढलेला माणूस हे सांगतोय.

मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. नेवाशात मला अजून भाऊसाहेबच म्हणतात. कट्ट्यावरचे बाकीचे चौघे म्हणजे साळवे सर, देशपांडे, दगडूआण्णा आणि मंदा सिस्टर. साळवे सर मिशनच्या मागं राहतात, गणिताचे मास्तर होते, हेडमास्तर म्हणून सुटले. देशपांडे पोस्टात होते. दगडूआण्णा शेतकरी, साठी उलटली तरी सरांचा जुना विद्यार्थी म्हणून सरांसमोर मान खाली घालून बसतात. मंदा सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. आमच्यात अक्कल म्हणून जी काही आहे ती त्यांच्याकडं.

तर झालं असं की गावातल्या एका व्यापाऱ्याचे वडील वारले. त्यांच्या आजारपणासाठी आणलेलं सामान मुलांनी आमच्या हवाली केलं. हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर येणारी दवाखान्याची कॉट एक, चाकाची खुर्ची एक, संडासची खुर्ची एक आणि वॉकर दोन. मी आयुष्यात मोटार घेतली नाही, त्यामुळं माझा पोर्च रिकामा होता. सामान तिथं आलं. लागेल त्यानं न्यावं, काम झालं की पुसून आणून द्यावं. फुकट! यात भांडणासारखं काय आहे, असं आम्हाला वाटलं होतं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधे मी इकडंतिकडं गेलो तरी तुमचं लक्ष जागेवर राहील. या सगळ्या सामानात कॉट एकच होती. आणि ती सगळ्यात जास्त लागत होती साळवे सरांच्या घरी. सुशीलावहिनींची उजवी बाजू गेली होती. घरात लाकडी पलंग, त्यावर त्या उताण्या. शहात्तर वर्षांचे सर दर दोन तासांनी एकट्यानं त्यांना कूस बदलून द्यायचे. उठवून बसवायचं तर शेजारी हाक मारावी लागायची. आणि कॉट दुसऱ्याकडं होती.

ती दुसऱ्याकडं का होती, तर सरांमुळंच.

*

सामान आलं त्या आठवड्यात सर आणि मी नियम करायला बसलो. एक गणिताचा मास्तर आणि एक अव्वल कारकून! सतरा नियम झाले. मुदत साठ दिवस, मुदतवाढीसाठी लेखी अर्ज, एका कुटुंबास एका वेळी एकच वस्तू, वगैरे वगैरे. बारावा नियम सरांचा. मंडळाच्या सदस्यास अथवा त्याच्या कुटुंबीयास कोणतेही प्राधान्य मिळणार नाही; बाहेरचा गरजू असल्यास तो आधी. मी म्हटलं, सर, आपल्यालाच कधी लागलं तर? सर म्हणाले, तेव्हासाठीच तर लिहून ठेवायचं.

वर्षभरानं वहिनींना झटका आला. कॉट तेव्हा नुकतीच एका घरून परत आली होती, पोर्चमध्येच उभी होती. सर दवाखान्यातून थेट माझ्याकडं आले. त्याच दिवशी सकाळी वस्तीवरच्या बापूंच्या मुलाचा अर्ज आला होता. बापू नव्वदीच्या पुढचे, नगरच्या डॉक्टरांनी दोनेक महिने सांगितले होते. मी अर्ज दडवायला तयार होतो. खरंच सांगतो, टेबलाच्या खणात घातलाही होता. पण सरांनी विचारलं, बाहेरचा कुणाचा अर्ज आहे का, आणि माझी मान आपोआप हलली.

सरांनी स्वतः कॉटचं एक टोक धरून ती बापूंच्या टेम्पोत चढवली. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, असं म्हणाले.

*

कॉट वस्तीवर पोचली आणि तासाभरात बापूंच्या मुलाचा फोन. वडील कॉटवर झोपायला तयार नाहीत!

कारण असं की व्यापाऱ्याच्या मुलांनी कॉटच्या डोक्याकडच्या पत्र्यावर लाल रंगात वडिलांचं नाव घातलं होतं. कै. अमुक अमुक यांच्या स्मरणार्थ. बापूंना वाचता येत होतं, तिथंच घोटाळा झाला. मी आणि देशपांडे गेलो समजूत घालायला. बापू खाली सतरंजीवर पडलेले, आवाज खोल गेलेला, पण जीभ शाबूत.

"भाऊसाहेब, त्यो कै. माझ्या डोक्यावर कशापाई? यमाला घर सापडत न्हाई म्हनून पाटी लावलीय व्हय?"

आम्ही तो पत्रा काढून पायाकडं बसवला. तर म्हणाले, आता दिवसभर तेच वाचत पडू का? रंग फासावा तर दान देणारे नाराज होणार. शेवटी बापूंनीच तोड काढली. खताच्या दुकानातून आलेलं कॅलेंडर त्या नावावर अडकवलं. मग झोपले.

पुढं पाच-सहा महिन्यांनी व्यापाऱ्याची मुलं सामान कसं वापरलं जातंय ते बघायला वस्तीवर गेली. मी बरोबर होतो, माझा जीव टांगणीला. थोरल्या मुलानं कॅलेंडर उचललं, वडिलांचं नाव वाचलं, कॅलेंडर परत सोडलं, आणि कॉटवर बसून भाकरी खाणाऱ्या बापूंकडं वळून पाहिलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, आमच्या वडिलांच्या नावाखाली एवढा टिकलेला हा पहिलाच माणूस.

*

वॉकरचं वेगळंच. एक वॉकर आम्ही वरच्या आळीतल्या एका आजींना दिला होता. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. साठ दिवस झाले, नव्वद झाले, वॉकर येईना. विचारलं की घरचे सांगायचे, अजून लंगडतात.

एकादशीला देशपांडे मंदिरात गेले होते. रांग पार रस्त्यापर्यंत. तर आजी रिक्षातून उतरल्या, वॉकर बगलेत मारला आणि तरातरा चालत रांगेपाशी आल्या. रांग आली तसा वॉकर खाली टेकवला, कमरेत वाकल्या, "आई गं" केलं, आणि स्वयंसेवकांनी त्यांना सरळ पुढं सोडलं.

देशपांडे भारी तत्त्वाचे. दर्शन सोडून त्यांनी आजींना गाठलं आणि विचारलं, पाय तर बरा झालेला दिसतोय. आजी म्हणाल्या, "पाय झाला हो बरा, पण रांग कुठं कमी झालीय?"

देशपांडे दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर आले ते हात हलवत. वर आजींना मुदतवाढ द्यावी अशी शिफारस! का म्हणून खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं. वॉकरबरोबर सोबतीला एका माणसालाही पुढं सोडतात.

*

पण माझी स्वतःची अब्रू गेली ती दोन भावांच्या किश्शात. एक म्हातारी, दोन लेक. आई एक महिना थोरल्याकडं, एक महिना धाकट्याकडं. दोघांनी वेगवेगळे अर्ज केले. एका कुटुंबास एकच वस्तू, हा आमचा नियम. पण रेशनकार्डं दोन, म्हणजे कुटुंबं दोन. मी थोरल्याला चाकाची खुर्ची दिली आणि धाकट्याला संडासची. नोंदी अशा चोख की कुणीही तपासाव्यात.

चार महिन्यांनी मंदा सिस्टर म्हातारीचं बीपी बघायला गेल्या. कसं चाललंय विचारलं. म्हातारी म्हणाली, काय सांगू बाई, थोरल्याकडं मी हिंडते अन् धाकट्याकडं बसते.

सिस्टर तिथून तडक माझ्या घरी. आईबरोबर दोन्ही खुर्च्या का जात नाहीत म्हणून त्यांनी भावांना विचारलं होतं, तर दोघांचं उत्तर एकच, वस्तू माझ्या नावावर आहे, त्याच्याकडं मोडली तर भाऊसाहेबांना उत्तर कोण देणार? सिस्टरनी मला सांगितलं, दोन्ही खुर्च्या आईच्या नावावर लिहा. मी म्हटलं, आईचं स्वतंत्र रेशनकार्ड नाही.

सिस्टरनी माझ्याकडं पाहिलं. चाळीस वर्षं इंजेक्शन देताना माणसाकडं बघतात तसं. मी आईच्या नावावर लिहिलं.

*

आता बापूंकडं येतो. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते. बापू अकराव्या महिन्यात होते. मुलगा नियमाचा पक्का, दर साठ दिवसांनी मुदतवाढीचा अर्ज घेऊन यायचा. अर्जात कारणाचा रकाना होता. त्यात तो लिहायचा, 'वडील अद्याप आहेत.' मी खाली लिहायचो, 'मंजूर.'

दरम्यान कॉटसाठी चार अर्ज साठले, आणि योगायोग असा की चारही कट्ट्यावरचेच. बाहेरचा एकही नाही. देशपांड्यांचे थोरले बंधू अंथरुणाला खिळले. दगडूआण्णांच्या आईच्या कमरेत उसण भरली ती भरलीच. माझ्या सासूबाई आमच्याकडं आल्या, त्या पडूनच. आणि चौथा अर्ज सरांचा.

कॉट मागायला बापूंकडं कोण जाणार? छे छे! असला विचार आमच्या मनातही नाही. आम्ही आपले तब्येत बघायला जायचो. देशपांडे सोमवारी केळी घेऊन जायचे. दगडूआण्णा दोन दिवसांआड दूध घेऊन. मी शुक्रवारी खारी घेऊन. झोप लागते का बापू, जेवण जातं का? बापू म्हणायचे, काल दोन भाकरी खाल्ल्या. मग आम्ही "वा वा" म्हणायचो. देशपांड्यांचा "वा वा" मी ऐकलाय, तार आल्यासारखा आवाज.

गंमत अशी की आधी बापूंकडं काळं कुत्रं फिरकत नव्हतं. ते भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे. आता आठवड्यातून चार-पाच दिवस माणूस यायला लागला. बापू दाढी करायला लागले. धुतलेली टोपी घालायला लागले. हँडल फिरवून घेऊन बसायचे आणि आम्हाला जुन्या कुस्त्यांच्या गोष्टी सांगायचे. शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे, गावातली शिकलेली मानसं बगा किती माया करत्यात.

एका सकाळी कट्ट्यावर मंदा सिस्टरनी आम्हाला झापलं. म्हणाल्या, "तुम्ही लोक त्या माणसाला मरू देत नाही आहात."

सर एकदाही गेले नाहीत. आजारी माणसाच्या अंथरुणावर डोळा ठेवून त्याला केळी द्यायची, हे मला जमणार नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. ते घरी बसून वहिनींची कूस बदलत राहिले. पण एकटा माणूस किती वेळा उठवून बसवणार? वहिनींच्या पाठीला एक जखम झाली. मग दुसरी. सिस्टर रोज जाऊन पट्टी बदलायच्या आणि कट्ट्यावर येऊन जखम केवढी झालीय ते सांगायच्या. मला लाज वाटायची. तरी शुक्रवारी मी खारी घेऊन जायचोच.

*

कॉट रिकामी झाली तर कुणाला द्यायची, यावर शेवटी बैठक घ्यावी लागली. 'झाली तर' म्हणजे कशी, ते कुणीच बोललं नाही.

सगळ्यांचा आग्रह एकच, न्याय झाला पाहिजे. देशपांडे म्हणाले, वयाप्रमाणं द्या, ज्येष्ठांचा मान असतो. त्यांचे बंधू ब्याण्णव. दगडूआण्णा म्हणाले, ज्याच्या घरात पलंग हाय त्याला कॉट कशाला, जो भुईवर झोपतो त्याला द्या. त्यांची आई भुईवर झोपायची. मी म्हणालो, अर्जाच्या तारखेप्रमाणं, हीच जगन्मान्य पद्धत आहे. सगळ्यात आधीची तारीख माझ्या अर्जावर होती. ती मीच टाकली होती. प्रत्येकाच्या न्यायाची दोरी बरोबर आपापल्या घराला बांधलेली.

मंदा सिस्टर म्हणाल्या, जखम बघा आणि द्या. यावर मी नियमांची वही चाळायला लागलो.

सर म्हणाले, माझं नाव शेवटी ठेवा, बारावा नियम आहे. तेव्हा दगडूआण्णा पहिल्यांदा सरांसमोर तोंड उघडून बोलले. सर, आमी चौगं बी सदस्यच हाय, मंग बारावा नियम समद्यांनाच लागला की! सर चिडले. म्हणाले, दगडू, तुला उदाहरण कधी कळलंच नाही, नुसतं उत्तर पाहिजे असायचं. दगडूआण्णा म्हणाले, उत्तराबिगर तुमचं काय अडत नसंल, माझी आई भुईवर हाय.

ते उठून गेले. त्या दिवसापासून दोघं बोलेनात. फेरीला यायचे, पण एक पुढं, एक मागं. बैठकीचं फलित एवढंच की वेळ येईल तेव्हा चिठ्ठ्या टाकायच्या.

*

थंडीत बापूंना खोकला झाला. देशपांडे सोमवारबरोबर गुरुवारीही केळी न्यायला लागले. हे सरांच्या कानावर गेलं आणि त्यांना राहवेना. बापूंचा काहीतरी गैरसमज होत असेल, त्यांना धीर दिला पाहिजे, असं त्यांच्या मनानं घेतलं. ते रिकाम्या हातानं वस्तीवर गेले.

पुढचं मला बापूंच्या मुलानं सांगितलं. सर कॉटशेजारी बसले आणि म्हणाले, बापू, तुम्ही अगदी निवांत राहा, कॉटची कुणालाही घाई नाही. माझी बायको वर्षभर थांबलीय, अजून थांबेल.

बापू उठून बसले. "कंची कॉट? कोन थांबलंय?"

झालं! जे आम्ही तिघांनी केळी, दूध आणि खारीखाली इतके महिने झाकून ठेवलं होतं ते सरांनी एका वाक्यात उघडं केलं. आणि एकदा विचारल्यावर सर लपवतील कसले? फळ्यावर मांडल्यासारखी सगळी यादी सांगितली, कुणाच्या घरी कोण आजारी, काय आजार, अर्ज कधीचा. बापू बोटांवर मोजत ऐकत होते. शेवटी म्हणाले, म्हंजे केळीवाला, दूधवाला आन खारीवाला. आन तुमी काय आनलंय मास्तर?

सर म्हणाले, काहीच नाही.



*

त्यानंतरच्या शुक्रवारी मी वस्तीवर गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? देशपांड्यांनाही सोमवारी अचानक पोटाचं काहीतरी झालं.

मंगळवारी सकाळी आम्ही पाचही जण घाटावर बसलेलो. सर एका टोकाला, दगडूआण्णा दुसऱ्या टोकाला. तर वरच्या रस्त्यानं ट्रॅक्टरचा आवाज आला. मान वर करून बघतो तर ट्रॉलीत कॉट, आणि कॉटवर बापू! डोक्याकडची बाजू पुरती वर केलेली, पांढरी टोपी, हातात काठी, पायाकडं ते कॅलेंडर फडफडतंय. मुलगा ट्रॅक्टर चालवतोय. भर बाजारपेठेतून बापू अशी मिरवणूक काढून आले होते. चहाच्या टपरीवरची माणसं उठून मागं आलेली.

ट्रॅक्टर थांबला. बापू वरूनच म्हणाले, ही घ्या तुमची कॉट. मला आता बसाया येतंय, बसनाऱ्याला साधी खाट पुरती. केळी बी आनलीत, घेऊन जा, सडाया लागली. मग काठी आपटून विचारलं, "सांगा, पुढं कोन?"

बापूंनी डोळ्याला डोळा भिडवून एकेकाकडं पाहिलं. सर म्हणाले, चिठ्ठ्या टाकायचं ठरलंय.

मी वहीचा कोरा कागद फाडून चार तुकडे केले. प्रत्येकानं आपापल्या घरच्या माणसाचं नाव लिहायचं, घडी करायची, टपरीवरच्या स्टीलच्या ग्लासात टाकायची. ग्लास मंदा सिस्टरच्या हातात, चिठ्ठी बापूंनी काढायची. सगळं नियमाप्रमाणं.

आता कबूल करतो. मी कागदावर सासूबाईंचं नाव लिहायला पेन टेकवलं. घरी गेल्यावर बायकोला तोंड द्यायचं होतं, सासूबाईंचे हालही खोटे नव्हते. पण माझ्या हातानं लिहिलं, 'सौ. सुशीला साळवे.' तीस वर्षांच्या नोकरीत खोटी नोंद केली नव्हती, ती त्या दिवशी केली. चारात वहिनींची एक चिठ्ठी जास्त झाली तर कुणाला कळतंय, असा विचार केला.

बापूंनी ग्लासात बोटं घातली, एक चिठ्ठी काढली, चष्मा लावून वाचली.

"साळवे बाई."

मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होतो. पण साळवे सर ताडकन उभे राहिले.

"शक्यच नाही," सर म्हणाले.

बापू म्हणाले, का शक्य न्हाई मास्तर? चारातली एक चिठ्ठी तिचीच हाय की.

सरांनी सिस्टरच्या हातातून ग्लास घेतला आणि दुसरी चिठ्ठी काढून उघडली. 'सौ. सुशीला साळवे.' माझं कारकुनी अक्षर त्यांनी ओळखलं आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी पायरीवर सरकून बसलो. तिसरी उघडली. वेड्यावाकड्या अक्षरात, 'साळवे बाय.' पहिली, बापूंच्या हातातली, देशपांड्यांची होती. देशपांडे नदीकडं बघत होते.

सरांनी तिसरी चिठ्ठी दगडूआण्णांसमोर धरली. बैठकीनंतर ते त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले.

"दगडू, सातवीतसुद्धा तू शेजारच्याचंच लिहिलं होतंस."

मग आमच्या सगळ्यांकडं वळून म्हणाले की ही मास कॉपी आहे, निकाल रद्द. आवाज हेडमास्तरचा होता. चौथी चिठ्ठी ग्लासातच होती. सरांनी ग्लास पायरीवर ठेवला आणि त्याच्यावर तळवा ठेवून उभे राहिले.

मंदा सिस्टरनी शांतपणे त्यांचा हात बाजूला केला. चिठ्ठी काढली, उघडली. छापल्यासारखं अक्षर, निम्म्या नेवाशाला फळ्यावरून माहीत असलेलं. सिस्टरनी मोठ्यानं वाचलं.

"दगडूची आई."

दगडूआण्णांनी खांद्यावरचा टॉवेल तोंडाला लावला आणि पाठ फिरवली.

बापूंनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मास्तर, तुमच्या शाळंत कुनी कॉपी करताना घावला तर काय करायचा?"

सर खाली बघून म्हणाले, पेपर काढून घ्यायचो.

"मंग आना हिकडं."

सिस्टरनी ती चिठ्ठी वर दिली. बापूंनी तिचे दोन तुकडे केले, चार केले, टोपीखाली ठेवले आणि मुलाला म्हणाले, घे रं ट्रॅक्टर, साळव्याच्या दारात.

आम्ही सगळे मागून चालत गेलो. बापूंना उचलून सरांच्या ओट्यावर खुर्चीत बसवलं. मी, देशपांडे आणि दगडूआण्णांनी कॉट आत नेली, खिडकीशी लावली. सिस्टर आणि सरांनी वहिनींना वर घेतलं. मग सरांनी हँडल हातात घेतलं आणि हळूहळू फिरवायला लागले. वहिनींचं डोकं वर आलं, खांदे आले. वर्षभरानं त्या कुणीही न धरता बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं, ट्रॅक्टर पाहिला, दारात घुटमळणारे आम्ही पाहिले. मग सरांकडं वळून त्यांनी अडखळत, पण स्वच्छ ऐकू येईल असं विचारलं, "नंबरानंच मिळाली ना हो?"



"नंबरानंच," सर म्हणाले, आणि त्यांनी हँडलचे आणखी दोन फेरे दिले.